डोंगराळ भागातली ओरिएंटिअरिंग शर्यत: मार्ग कंट्रोलकडून मागे कसा आखायचा

डोंगराळ भागातल्या ओरिएंटिअरिंग शर्यतीत, म्हणजे नकाशा आणि होकायंत्राच्या आधाराने ठरलेल्या जागा शोधत पळण्याच्या शर्यतीत, वेळ मुख्यतः दोन ठिकाणी सांडतो. एक, जो चढ टाळता आला असता तो चढण्यात. दोन, कंट्रोलपासून (शोधायच्या जागेपासून) शंभरेक मीटरवर येऊन मग घुटमळण्यात. दोन्हींचे कारण बहुतेकदा एकच असते: आपण उभे आहोत तिथून मार्ग आखायला सुरुवात झालेली असते. समोर पायवाट दिसली की पाय तिकडे वळतात आणि ती वाट कंट्रोलच्या कुठल्या बाजूला नेऊन सोडणार आहे, हे तिथे पोचल्यावर कळते. मार्ग आखायचा तो कंट्रोलकडून मागे, आणि चढायचा प्रत्येक मीटर मोजून. पुढचे सगळे तपशील या दोन कामांसाठी आहेत.

खेळाचा साचा थोडक्यात असा. नकाशावर जांभळ्या रंगात एक त्रिकोण म्हणजे प्रारंभ, क्रमांक घातलेली वर्तुळे म्हणजे कंट्रोल आणि दुहेरी वर्तुळ म्हणजे समाप्ती. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर, जमिनीवरच्या एखाद्या ठळक खुणेपाशी नारिंगी-पांढरा झेंडा लावलेला असतो. कंट्रोल दिलेल्या क्रमानेच घ्यायचे. दोन कंट्रोलमधली सरळ रेषा फक्त क्रम दाखवते, वाट नाही. तिला चिकटून पळायचे बंधन कुणीही घातलेले नाही, तरी नवखे स्पर्धक ती रेषा म्हणजे आखून दिलेला रस्ता असल्यासारखे वागतात.

सोबत काय घ्यायचे

बूट खोल दात्यांचे हवेत. ओल्या कातळावर आणि गवताळ उतारावर धातूचे बारीक खिळे असलेले ओरिएंटिअरिंगचे बूट सर्वांत भरवशाचे. साधे रस्त्यावर पळायचे बूट आडव्या उतारावर घसरतात, आणि आडव्या उतारावरच उंची राखायची असते. पाय घोट्यापर्यंत झाकणारी पातळ विजार किंवा नडगीला पट्टे घ्या. पुष्कळ आयोजक पाय झाकणे सक्तीचे करतात.

होकायंत्र दोन प्रकारचे असते. अंगठ्यात अडकवायचे होकायंत्र नकाशाशेजारीच राहते, त्यामुळे नजर एका ठिकाणी टिकते. पळताना हेच सोयीचे. फिरती तबकडी असलेले सपाट पट्टीचे होकायंत्र नेमका कोन धरायला बरे, पण तबकडी फिरवण्यात दर वेळी काही सेकंद जातात. कोणतेही घ्या, सुई लवकर स्थिरावणारी हवी. शिट्टी घ्याच. मदतीचा डोंगरी संकेत म्हणजे एका मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग एक मिनिट शांतता आणि पुन्हा तेच. जखमी स्पर्धक दिसला तर थांबून मदत करणे हा नियम आहे. तो ऐच्छिक सौजन्याचा भाग नाही.

मनगटावरच्या घड्याळात उपग्रह-नोंद असली तर ती पुढच्या विश्लेषणाला उपयोगी पडते. मात्र शर्यतीत त्यावर नकाशा किंवा दिशा पाहता येत नाही. घड्याळ चालेल की नाही, हे त्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात आधीच वाचा.

नकाशातले आकडे डोक्यात पक्के करा

जंगलातल्या लांब शर्यतीच्या नकाशाचे मूळ प्रमाण १:१५,०००. मध्यम अंतराच्या आणि रिले शर्यतीला १:१०,०००. स्प्रिंटला (सर्वांत छोट्या शर्यतीला) साधारण १:४,०००. म्हणजे नकाशावरचा १ मिलिमीटर पहिल्यात १५ मीटर, दुसऱ्यात १० आणि तिसऱ्यात ४. मागच्या आठवड्यात १:१०,००० वर पळलेला माणूस या आठवड्यात १:१५,००० वर आला की पहिल्या दोन कंट्रोलना हटकून लवकर शोधाशोध सुरू करतो. नकाशा हातात आल्यावर पहिली नजर प्रमाणावर आणि दुसरी समोच्च रेषांमधल्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधल्या) उभ्या अंतरावर टाका.

हे उभे अंतर बहुधा ५ मीटर असते, सपाट भागात २.५. दर पाचवी रेषा जाड असते. म्हणजे ५ मीटरच्या नकाशावर एका जाड रेषेपासून दुसऱ्या जाड रेषेपर्यंत २५ मीटर उंची. चढ मोजायचा तो जाड रेषांवरून, एकेक बारीक रेषा मोजत बसलात तर पळायचे राहून जाईल. रेषेला काटकोनात लागलेली बारीक शेपटी उताराची खालची बाजू दाखवते. खळगा की टेकाड, सोंड की घळ असा गोंधळ झाला की आधी ती शेपटी शोधा. शेपटी नसेल तर निळ्या रंगाकडे पाहा: ओढा घळीतूनच वाहतो, सोंडेवरून नाही.

रंगांपैकी तपकिरी म्हणजे जमिनीचे चढउतार, काळा म्हणजे कातळ आणि माणसाने केलेल्या गोष्टी, निळा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे मोकळी जमीन. पांढरा म्हणजे पळता येईल असे जंगल. पांढऱ्याला मोकळे माळरान समजणे ही नवख्यांची ठरलेली चूक. हिरव्याच्या तीन छटा वेग सांगतात. फिकटात मोकळ्या जंगलातल्या वेगाच्या ६० ते ८० टक्के, मधल्या छटेत २० ते ६० टक्के आणि गडद हिरव्यात २० टक्क्यांहून कमी. गडद हिरव्यातले ५० मीटर बाहेरच्या अडीचशे मीटरहून महाग पडतात. गडद हिरव्याला वळसा घालायचा की नाही हा प्रश्न फारसा उरत नाही, कुठून घालायचा एवढेच ठरवायचे.

निळ्या किंवा काळ्या समांतर रेषा चुंबकीय उत्तर दाखवतात. नकाशा चुंबकीय उत्तरेलाच जुळवून काढलेला असल्यामुळे होकायंत्रात वेगळी दुरुस्ती करावी लागत नाही. हल्लीच्या मानकाप्रमाणे या रेषांमधले अंतर जमिनीवर ३०० मीटर असते, त्यामुळे लांबीचा झटपट अंदाज घ्यायलाही त्या कामी येतात.

चढाचा हिशेब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला: तीन मैलांना एक तास आणि वर दर दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. याचे गुणोत्तर काढले तर १ मीटर चढ साधारण ८ मीटर सपाट अंतराइतका पडतो. पळणाऱ्यांनी, विशेषतः शर्यतीच्या उत्तरार्धात, सोपा म्हणून १० चा आकडा धरावा. म्हणजे ५ मीटरची एक समोच्च रेषा चढणे म्हणजे ५० मीटर जादा पळणे आणि एक जाड रेषा ओलांडणे म्हणजे २५० मीटर. वळसा परवडतो की नाही, ते या एका आकड्यावरून निम्मे कळते.

मोजताना फक्त चढत्या रेषा मोजा, पण सगळ्या मोजा. दोन कंट्रोल एकाच उंचीवर दिसतात म्हणून मधला मार्ग सपाट ठरत नाही. मध्ये सोंड असेल तर चढून उतरायचे आहे, दरी असेल तर उतरून चढायचे. दरीचा चढ हिशेबातून निसटतो, कारण सुरुवात उताराने होते आणि मन खूश असते.

उतार फुकट मिळत नाही. सौम्य उतार वेळ वाचवतो, तीव्र उतार उलट खातो. नेस्मिथच्या नियमात पुढे झालेल्या एका दुरुस्तीप्रमाणे ५ ते १२ अंशांच्या उतारावर चालणाऱ्याची दर ३०० मीटर उंचीमागे १० मिनिटे वाचतात आणि १२ अंशांपुढे तितकीच जादा लागतात. १२ अंश नकाशावर कसे ओळखायचे? १:१०,००० आणि ५ मीटर अंतर असेल तर रेषांमध्ये सुमारे २.४ मिलिमीटर जागा दिसते. पळणाऱ्याची मर्यादा याहून थोडी पुढे असते, पण रेषा १ मिलिमीटरहून जवळ आल्या की तो उतार पंचवीस अंशांच्या पुढचा आहे. तिथे खाली जातानाही झाडे धरावी लागतात. अशा ठिकाणी सोंडेवरून उतरा. घळीत दगड, ओलावा आणि झुडपांची गर्दी असते, सोंडेचा कणा तुलनेने मोकळा आणि कोरडा असतो.

कमावलेली उंची उधळू नये. पुढचा कंट्रोल वर असेल तर मधल्या सुखासाठी दोन रेषा खाली उतरून पायवाट पकडणे तेव्हाच परवडते, जेव्हा ती पायवाट निदान दोनतीनशे मीटर आपल्या दिशेने जात असते. दोन रेषा उतरणे म्हणजे १० मीटर पुन्हा चढणे, म्हणजेच १०० मीटर. त्या शंभर मीटरचा मोबदला पायवाटेने द्यायला हवा.

मार्ग मागून पुढे आखणे

प्रत्येक टप्प्यासाठी (एका कंट्रोलपासून पुढच्यापर्यंत) हा क्रम सवयीचा करा. सुरुवातीला पूर्ण मिनिट लागेल, सरावाने दहा-पंधरा सेकंदांत उरकते.

१. वर्तुळाचा मध्य पाहा आणि वर्णनपत्रिका (प्रत्येक कंट्रोलची खूण चिन्हांनी सांगणारा तक्ता) वाचा. झेंडा कशापाशी आहे आणि त्याच्या कोणत्या अंगाला? ‘कड्याचा पायथा’ असे असेल तर वरून येणाऱ्याला तो दिसणार नाही. ‘घळीचा वरचा भाग’ असेल तर घळीच्या मुखापासून शोधत चढण्यात अर्थ नाही.

२. अटॅक पॉइंट शोधा. कंट्रोलपासून ५० ते १५० मीटरवरची, पळता पळताही चुकणार नाही अशी खूण म्हणजे अटॅक पॉइंट: वाटेचे तीव्र वळण, ओढ्यांचा संगम, खिंड, मोठा कातळ, कुंपणाचा कोपरा. कंट्रोलपर्यंत जाणारी बारीक कामगिरी इथून सुरू होते. शक्यतो तो कंट्रोलच्या किंचित वर किंवा त्याच उंचीवर असावा, म्हणजे शेवटचा टप्पा धापा टाकत चढावा लागत नाही. धाप लागलेल्या डोक्याला नकाशा नीट वाचता येत नाही.

३. मागची भिंत ठरवा. कंट्रोल हुकला आणि पुढे गेलात तर कशावर आदळून कळेल? पुढचा ओढा, रुंद वाट, उताराची दिशा बदलणारी धार? अशी भिंत असेल तर वेगात जाता येते. नसेल तर पावले मोजत जावे लागते.

४. आता अटॅक पॉइंटपर्यंत पोचवणारे मार्ग शोधा. सरळ रेषेकडे पाहण्याआधी तिच्या डावीकडे आणि उजवीकडे पाहा. नजर रेषेला चिकटते आणि तीनशे मीटर बाजूने जाणारी चांगली वाट दिसतच नाही. हात धरून नेणाऱ्या लांबट खुणा शोधा: वाट, ओढा, कुंपण, जंगलाची कड, धार.

५. दोन किंवा तीन पर्याय निवडून त्यांचा ढोबळ हिशेब करा, एक धरा आणि मग बदलू नका. अर्ध्यावर मार्ग बदलणे हे जवळजवळ नेहमीच दोन्ही मार्गांपेक्षा महाग पडते. खरोखर अडथळा आला तर गोष्ट वेगळी.

६. निघायच्या आधी कंट्रोलमधून बाहेर पडायची दिशा ठरवा.

एका टप्प्याचा हिशेब

समजा नकाशा १:१०,००० चा, समोच्च रेषा ५ मीटरच्या. दोन कंट्रोलमध्ये ९ सेंटिमीटर, म्हणजे ९०० मीटर सरळ अंतर. मध्ये एक मोठी सोंड आडवी आली आहे. पुढचा कंट्रोल सोंडेच्या पलीकडच्या उतारावर, एका कातळाच्या पायथ्याशी. मोकळ्या जंगलातले अंतर वाटेच्या १.३ पट महाग धरू आणि चढाला १० ने गुणू.

सोंडेवरून सरळ: ९५० मीटर जंगल आणि ९० मीटर चढ. ९५० × १.३ = १,२३५, अधिक ९००. एकूण २,१३५.

डावीकडून वाटेने सोंडेच्या नाकाला वळसा: १,२५० मीटर वाट, ३०० मीटर जंगल आणि २५ मीटर चढ. १,२५० + ३९० + २५०. एकूण १,८९०.

उजवीकडून खिंडीतून: ५०० मीटर वाट, ६५० मीटर जंगल आणि ५० मीटर चढ. ५०० + ८४५ + ५००. एकूण १,८४५.

सरळ मार्ग बाद झाला, एवढे नक्की. उरलेल्या दोघांत ४५ मीटरचा फरक आहे आणि आपल्या ठोकताळ्यातली चूक त्याहून मोठी असते. इथे आकडे बाजूला ठेवून शेवटचे शंभर मीटर पाहायचे. खिंडीतून येणारा वरून उतरतो. कातळ त्याच्या पायाखाली येतो आणि पायथ्याचा झेंडा कातळाआड लपतो. नाकाला वळसा घालून येणारा वाटेच्या वळणापासून एका घळीच्या बाजूने चढत येतो आणि कातळाचे तोंड त्याच्या समोर उघडते. त्यामुळे वळसा घ्यावा. हाच कंट्रोल कातळाच्या माथ्यावर असता, तर खिंडीचा मार्ग सरस ठरला असता. अंतर, चढ, वाटा सगळे तेच. वर्णनपत्रिकेतल्या एका चिन्हाने निर्णय फिरतो.

१.३ हा आकडा सगळ्यांचा सारखा नसतो. वाटेवर एक किलोमीटर आणि ओळखीच्या मोकळ्या जंगलात एक किलोमीटर पळून वेळ नोंदवा, दुसऱ्याला पहिल्याने भागा. चढासाठीही तसेच: साधारण १०० मीटर उंचीचा एक सलग चढ घ्या आणि तेवढ्या वेळात सपाटीवर किती गेला असता ते पाहा. चढात दणकट असणाऱ्याने सरळ मार्ग अधिक वेळा घ्यावा, वेगवान सपाट धावपटूने वळसे. दुसऱ्याच्या मार्गाची नक्कल करणे म्हणूनच फसते.

ठरवलेल्या मार्गावर टिकणे

नकाशा नेहमी उत्तरेशी जुळवलेला धरा. वळलात तर शरीर वळेल, नकाशा हातात उलट फिरेल. तो घडी घालून तळहाताएवढा करा आणि अंगठा आपण असलेल्या जागी ठेवा. प्रत्येक पक्की खूण मागे पडली की अंगठा पुढे सरकवा. चूक झालीच तर शोधायची जागा अंगठ्यापासून पुढची एवढीच उरते.

टप्प्याचा पहिला भाग ढोबळ पळायचा. मोठी घळ, धार, वाट एवढ्याच खुणा वाचायच्या, दगडधोंडे मोजायचे नाहीत. अटॅक पॉइंट आला की वेग मुद्दाम कमी करा आणि बारीक वाचन सुरू करा. नवख्यांचे उलट होते: सुरुवातीला ते प्रत्येक दगड तपासतात आणि शेवटी झेंडा दिसेल या आशेने धावत सुटतात.

होकायंत्राच्या दिशेत ५ अंशांची चूक सहज होते. तिने १०० मीटरमागे जवळजवळ ९ मीटर बाजूला जाता, ४०० मीटरवर ३५. म्हणून लांब अंतरावर नेमक्या बिंदूवर नेम धरू नये. ओढा आणि वाट जिथे मिळतात तिथे पोचायचे असेल तर मुद्दाम ४०-५० मीटर एका बाजूला नेम धरा, म्हणजे वाटेवर आल्यावर कोणत्या हाताला वळायचे ते आधीच ठाऊक असते. डोंगरात ही बाजू शक्यतो वरची ठेवा. वरून खाली दुरुस्ती करणे स्वस्त, खालून वर महाग.

आडव्या उतारावरून एकच उंची धरून जाणे कागदावर सोपे दिसते, प्रत्यक्षात ते सर्वांत फसवे तंत्र आहे. प्रत्येक झाड, प्रत्येक धोंडा चुकवताना पाय खालच्या बाजूने जातात आणि नकळत उंची सुटत जाते. पाचशे मीटरमध्ये दोन-तीन रेषा खाली घसरणे नवलाचे नाही. उपाय तीन. अडथळे जाणूनबुजून वरच्या अंगाने चुकवा. सुरुवातच एक रेषा वरून करा. आणि हा आडवा प्रवास तुकड्यांत तोडा: ओलांडलेल्या घळी आणि सोंडा मोजा, ‘दुसऱ्या घळीनंतरची सोंड’ असा हिशेब ठेवा. तीनशे मीटरहून लांब आडवी वाटचाल, मध्ये एकही ठळक खूण नाही आणि शेवटी छोटा कंट्रोल, असा मार्ग आकड्यांनी स्वस्त दिसला तरी टाळलेला बरा.

पावले मोजताना फक्त उजवा पाय टेकला की एक धरा. सपाट वाटेवर पळताना १०० मीटरना साधारण ३५ ते ४० भरतात, जंगलात अधिक, चढावर त्याहून बरीच. तुमचे तिन्ही आकडे सरावात मोजून ठेवा. तीव्र चढावर मात्र पावलांपेक्षा उंचीच्या टप्प्यांवर भरवसा ठेवा, म्हणजे कुठे उतार सौम्य होतो आणि कुठे कातळाची पट्टी लागते.

चढ चालत चढायला लाजू नका. तीव्र चढावर झपझप चालणे आणि रडतखडत पळणे यात वेळेचा फरक थोडाच असतो. चालताना पुढचा आणि त्यापुढचा टप्पाही वाचून होतो. शर्यतीतला सगळ्यात चांगला वाचनाचा वेळ म्हणजे लांब चढ आणि रुंद वाट.

वर्तुळाच्या आत

वर्णनपत्रिकेत डावीकडून उजवीकडे आठ रकाने असतात: कंट्रोलचा क्रमांक, त्याचा सांकेतिक आकडा, सारख्या अनेक खुणांपैकी कोणती, खूण काय, तिचे स्वरूप, आकारमान, झेंड्याची जागा आणि इतर माहिती. डोंगरात तिसरा आणि सातवा रकाना सोन्याचा. वर्तुळात तीन घळी असतील तर पैकी कोणती ते तिसरा सांगतो, पायथा की माथा ते सातवा. सांकेतिक आकडे ३१ पासून पुढे असतात, म्हणजे क्रमांकाशी घोटाळा सहसा होत नाही. झेंड्यावरचा आकडा पत्रिकेशी जुळवल्याशिवाय पंच (कंट्रोलवर पोचल्याची नोंद) करू नका. दुसऱ्याच शर्यतमार्गाचा कंट्रोल ३०-४० मीटरवर असू शकतो.

इलेक्ट्रॉनिक पंचात बीप ऐकू येणे किंवा दिवा लुकलुकणे ही पावती. ती मिळाली नाही तर शेजारचा टोचणीचा पंच नकाशाच्या कडेवर उमटवा. एखादा कंट्रोल राहून पुढचा घेतला गेला, तर परत जाऊन राहिलेला घ्या आणि तिथून पुढचे सगळे पुन्हा क्रमाने घ्या. मध्ये जादा पंच झाला म्हणून बाद होत नाही, क्रम तुटला तर होतो. सुरुवातीच्या रांगेत चिप (पंचाच्या नोंदी साठवणारे छोटे उपकरण) पुसणे आणि तपासणे ही दोन वेगळी यंत्रे असतात. पुसायचे विसरलात तर जुन्या शर्यतीच्या नोंदी तशाच राहतात.

पंच झाला की तिथे उभे राहून नकाशा वाचू नका. दिशा आधीच ठरलेली आहे, निघा, वीस मीटर पुढे जाऊन वाचा. थांबलेला माणूस मागून येणाऱ्यांना झेंडा कुठे आहे ते फुकट सांगत असतो.

हरवलात तर

कंट्रोल अपेक्षित जागी नाही असे वाटले की पहिली उबळ असते जरा इकडे, जरा तिकडे शोधण्याची. अर्ध्या मिनिटात शेवटची पक्की जागाही हातची जाते. त्याऐवजी थांबा आणि नकाशा उत्तरेशी जुळवा. मग उताराची दिशा पाहा. जमीन सरळ खाली कोणत्या दिशेला जाते ते होकायंत्रावर वाचा. ईशान्येला उतरत असेल, तर नकाशावरचे ईशान्येकडे उतरणारे भागच शक्य. वर्तुळाभोवतीच्या निम्म्याहून अधिक जागा एका फटक्यात बाद होतात. डोंगराळ भागाची ही खास सोय आहे, सपाट जंगलात ती मिळत नाही.

पुढचा संशय शेजारच्या घळीचा. एकामागे एक सारख्या घळी आणि सोंडा असतात तिथे एक घळ आधी किंवा नंतर शिरणे ही नेहमीची चूक, आणि मन आजूबाजूच्या खुणा ओढूनताणून नकाशात बसवत राहते. बसत नसलेली एक खूण शोधा. ‘इथे ओढा हवा होता, तो नाही’ हा एक नकार दहा जुळणाऱ्या दगडांपेक्षा मोलाचा. मिनिटभरात उलगडा झाला नाही तर अटॅक पॉइंटला किंवा जवळच्या मोठ्या, निःसंशय खुणेला परत जा. दीड-दोन मिनिटे जातील. घुटमळण्यात दहा जातात.

नकाशावर जांभळ्या जाळीने आखलेला भाग निषिद्ध. ओलांडण्यास मनाई असलेली कुंपणे आणि भिंती, तसेच पार न होणारे कडे जाड रेषांनी दाखवतात. मार्ग आखताना ते आधीच वगळा. स्प्रिंटमध्ये अशी भिंत ओलांडली तर थेट बाद होता, भले ती गुडघ्याएवढी असो. शर्यत सोडून दिली तरी समाप्तीला येऊन चिप वाचून घ्यावीच लागते. नाहीतर संध्याकाळी लोक तुम्हाला डोंगरात शोधत राहतात.

घरी आल्यावर

शर्यत संपल्यावर तासाभरात, आठवण ताजी असताना, आपला मार्ग नकाशावर पेनाने काढा. मग टप्प्यांच्या वेळा घ्या आणि तुमच्यासारख्याच वेगाच्या दोन-तीन जणांच्या वेळांशी ताडून पाहा. विजेत्याशी तुलना करून फार काही हाती लागत नाही. प्रत्येक टप्प्यावर गमावलेला वेळ तीन खात्यांत टाका: मार्ग चुकीचा निवडला, मार्ग बरोबर पण त्यावर टिकता आले नाही, कंट्रोल शोधण्यात गेला. पाच-सहा शर्यतींनंतर कोणते खाते फुगते ते दिसते. पहिले फुगत असेल तर जुने नकाशे घेऊन घरी बसून मार्ग आखा आणि वर दिलेला हिशेब करा. दुसरे फुगत असेल तर नकाशावरून वाटा खोडून, फक्त समोच्च रेषांवर चालायचा सराव करा. तिसरे फुगत असेल तर छोट्या भागात शंभर-शंभर मीटरवर दहा-बारा कंट्रोल लावा आणि चालत घ्या, पळत नाही. झेंडा दिसण्याआधी तो कशामागे असेल ते प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायचे.